नफीसाचं ऑपरेशन

त्या सकाळी चहा पिऊन मी नेहमीसारखी ऑपरेशन थिएटरात हत्यारं मांडत होते. बाहेर वाळवंटातून येणारा खमासीनचा गरम वारा सुटला होता. आमच्या सोहाग शहराचं आभाळ हळदीसारखं पिवळं झालं होतं, आणि बंद खिडक्यांतूनही रेती येऊन दातांखाली करकरत होती.

टेबलावर नफीसा होती. अंडाशयाचा कर्करोग पोटभर पसरलेला. तिची सवत, इन्साफ, दोन वर्षांपूर्वी ह्याच रोगानं गेली. डॉक्टर शुक्रींनी तेव्हा तिचं पोट उघडलं, आत पाहिलं आणि काहीच न काढता शिवून टाकलं. शुद्धीवर येताच ती त्यांच्यावर थुंकली होती. "घाबरलास, खाटका!"

नफीसानं माझी बाही धरली. "सिस्टर, ती दारात उभी आहे."

"कोण?"

"इन्साफ. ती मेली तेव्हा मी आनंदानं आळीत सरबत वाटलं होतं. ती सोडेल मला?"

दारात कुणी नव्हतं. मी तिचा हात सोडवला आणि तिला भूल दिली गेली.

बेंबीच्या वरपासून थेट खालपर्यंत चीर गेली. गर्भाशय निघालं, दोन्ही अंडाशयं निघाली, आतड्यावरचा चरबीचा पडदा निघाला. रक्तवाहिन्या डागताना जळणाऱ्या मांसाचा वास मास्कमधून आत येत होता. रक्त थांबेना. शुक्रींनी ओटीपोटात मनगटापर्यंत हात घातला आणि ते एकदम थिजले.

"माझा हात... कुणी धरलाय?"

समोर मदतीला उभ्या असलेल्या लबीब डॉक्टरांनी दोन्ही हात वर केले. माझे ट्रेवर होते.

"सोड..." शुक्री पुटपुटले. कपाळावर घाम. "खाली ओढतेय... आणखी खाली..."

"सर, हात बाहेर काढा!"

"निघत नाही."

मग त्यांची बोटं कशाला तरी लागली. कुठल्याही तपासणीत न दिसलेली गाठ, आतड्यामागे दडलेली. ती त्यांनी कापून काढली, आणि त्याच क्षणी हात सुटला. रक्तही थांबलं. पोट आता आतून अगदी स्वच्छ होतं.

दुपारी तिनं डोळे उघडले. शुक्रींकडे पाहून ती सावकाश हसली.

"ह्या वेळी नाही घाबरलास..."

ते तडक निघून गेले.

तिचा नवरा बखीत वॉर्डाच्या दाराशी आला. आतून तिनं त्याला हाक मारली. तो जागीच खिळला, मग मागे सरत सरत भिंतीला टेकला.

"जा ना आत," मी म्हटलं. "बायको हाक मारतेय."

"हो... पण हा आवाज इन्साफचा आहे." तो माझ्याकडे वळला. "सिस्टर, मग नफीसा कुठंय?"

मी मागे वळून पाहिलं. कॉरिडॉरच्या टोकाला थिएटर धुऊन, कुलूप लावून बंद केलं होतं.

आतून कुणीतरी दार बडवत होतं.