पेट्रेलची साक्षीदार

रविवारी सकाळी सव्वाआठला कोल्डवेल जलाशयावर लीचचा पेट्रेल दिसला. पाहणारा एकच होता. त्याच्या शेजारी बसलेली मुलगी नेमकी त्या क्षणी थर्मासमधून चहा ओतत होती — निदान तिने तसं सांगितलं.

नॉर्थॅम्प्टनशर या इंग्लिश परगण्याला समुद्र नाही. पेट्रेल हा तर भर महासागरात राहणारा पक्षी. साळुंकीएवढा, काळा, कमरेवर पांढरा डाग. शरदातल्या वादळात एखादा आत फेकला जातो, तलावावर थोडा वेळ भिरभिरतो आणि नाहीसा होतो. म्हणून रात्रभर खिडक्या वाजल्या की इथली काही माणसं सकाळी अंथरुणात लोळायचं सोडून धरण गाठतात.

ब्रायनी हॅलम त्यांतलीच. केटरिंगच्या शाळेत ती गणित शिकवायची. पाणथळीकाठच्या, पक्षी बघायच्या लाकडी लपणाचं दार तिने ओढलं, तर ते वाऱ्याने हातातून सुटलं आणि धाडकन आपटलं. आत एक तरुण दुर्बिणीला डोळे लावून बसला होता.

"दार!" तो मागे न बघता ओरडला.

"तुम्हालाही शुभ सकाळ."

तो वळला. ओले केस कपाळाला चिकटलेले, नाकाच्या शेंड्यावर पावसाचा थेंब. तो थेंब आता पडेल, मग पडेल म्हणून ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"काही आलंय का?" तिने विचारलं.

"तीन बदकं, एक पाणकावळा. आणि आता तुम्ही."

"मी दुर्मिळांत मोडते?"

"अजून नीट पाहिलं नाही..." तो हसला आणि बाकावर सरकला. "बसा. मी जॉस टॅन्सली."

ती बसता बसता थांबली. "हार्बरोचे चष्मेवाले टॅन्सली? पक्षीमंडळाच्या नोंद समितीचे चिटणीस?"

"दोन्ही गुन्हे कबूल."

"मी ब्रायनी हॅलम. गेल्या ऑक्टोबरातला ग्रे फॅलरोप."

त्याचं हसू विरलं. मंडळाचा नियम साधा होता: दुर्मिळ पक्षी एकट्याने पाहिला, फोटो नाही, दुसरा साक्षीदार नाही — तर नोंदीपुढे 'सिद्ध नाही' असा शेरा. ब्रायनीच्या फॅलरोपला तोच शेरा मिळाला होता, खाली सही टॅन्सलीची. तेव्हापासून या सहीवर तिचा राग होता. सहीला असे डोळे असतील हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुमच्यावर अविश्वास नव्हता," तो म्हणाला. "फक्त—"

"माझ्यासमोर भोवऱ्यासारखा गरगर फिरत होता तो. काय होतं मग ते? कोंबडीचं पिल्लू?"

"नियम सगळ्यांना सारखा असतो, मिस हॅलम."

"मग माझे डोळे तपासा. दुकानात रीतसर वेळ घेऊन येते."

"या की," तो म्हणाला. आणि त्याचे कान लाल झाले. ब्रायनीने ते पाहिलं. तिच्या डोळ्यांत तसा काहीच दोष नव्हता.

पाऊस आडवा झाला. तिने थर्मास काढला, झाकण उघडलं. तेवढ्यात जॉस ताठ झाला.

"धरणाच्या भिंतीजवळ... पिवळ्या पिंपाच्या डावीकडे... नाही. नाही, असं शक्यच नाही—" त्याने दुर्बीण खाली घेतली, बाहीने पुसली, पुन्हा लावली. "पांढरी कंबर! शेपटीला खाच! पेट्रेल! अगदी लाटेला चिकटून... मनोऱ्यामागे... गेला."

तो तिच्याकडे वळला. चेहरा वाढदिवस असलेल्या पोरासारखा उजळलेला. बारा-तेरा वर्षांचा होता तेव्हापासून प्रत्येक वादळानंतर तो याच बाकावर येत होता, हे त्याने नंतर सांगितलं. त्या क्षणी त्याने एवढंच विचारलं, "पाहिलात ना?"

एका 'हो'ने काम झालं असतं. पेट्रेल सिद्ध, जॉस खूश, आणि त्या दोघांची नावं मंडळाच्या वार्षिक अंकात शेजारी शेजारी...

"नाही," ब्रायनी म्हणाली.

"नाही?"

"चहा ओतत होते."

वारा फटींतून शीळ घालत राहिला. मग जॉसने टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हणजे माझा पेट्रेल सिद्ध नाही."

"माझ्या फॅलरोपच्या शेजारी बसवा त्याला. तोही एकटाच आहे बिचारा."

तो इतका मोठ्याने हसला, की पाणकावळा उडून गेला. "किती राग आला असेल तुम्हाला!" तो म्हणाला. "मला आत्ता कळतंय."

"उशिरा का होईना."

दिवसभर दोघं थांबली. त्याच्याकडची पोर्क भरलेली पेस्ट्री निम्मी-निम्मी झाली, 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पेट्रेल पुन्हा आला नाही. तसा तो दुसऱ्या कुणालाच दिसला नाही.

महिन्याभराने समितीची बैठक 'थ्री प्लोव्हर्स' पबच्या मागच्या खोलीत भरली. अध्यक्ष डेन्झिल पिकरिंग. मफलर न काढता बसणारे, वर्षानुवर्षं अध्यक्षच असलेले. स्वतःच्या नोंदीवर मत देता येत नाही म्हणून जॉस कोपऱ्यात. मतं उरली चार. लपणात हजर होती म्हणून ब्रायनीला बोलावलं होतं.

"मिस हॅलम, तुम्ही पक्षी पाहिला नाही," पिकरिंग म्हणाले. "चहा ओतत होतात."

घरून निघताना हेच उत्तर तिने पक्कं केलं होतं. पण कोपऱ्यातला माणूस टोपी मांडीवर ठेवून बसला होता — अगदी त्या दिवशीसारखी.

"चहा ओतत नव्हते," ती म्हणाली. "झाकण उघडलं होतं फक्त. मी याच्याकडे बघत होते."

कुणाचा तरी ग्लास टेबलावर जरा जोरात टेकला.

"टॅन्सलीकडे?" पिकरिंगनी विचारलं. "कशासाठी?"

"आवडला म्हणून," ब्रायनी शांतपणे म्हणाली. "म्हणून पेट्रेल हुकला, तो दोष माझा. पण पेट्रेल बघणाऱ्या माणसाचा चेहरा मी हातभर अंतरावरून पाहिलाय. हा आधी स्वतःलाच 'नाही' म्हणाला. दुर्बीण पुसली, पुन्हा पाहिलं, तेव्हा कुठे नाव घेतलं. थाप मारणारा माणूस आधी स्वतःशी भांडत बसत नाही."

"चेहरा हा पुरावा होत नाही, पोरी."

"ठाऊक आहे. मी साक्ष पक्ष्याची देत नाहीये. माणसाची देतेय."

जॉस उठला होता. कान पुन्हा तसेच. "अध्यक्षमहाराज, माझी नोंद बाजूला ठेवा. आधी गेल्या वर्षीचा फॅलरोप पुन्हा विचारात घ्या. तिने पाहिलं म्हणजे पाहिलंच होतं."

"आणि हे तुला आज कशावरून कळलं?"

"त्या दिवशी एक 'हो' म्हणाली असती तर मी मंडळाचा हिरो झालो असतो. तरी ती 'नाही' म्हणाली."

पिकरिंगनी मफलर सैल केला. आयुष्यात पहिल्यांदाच, असं नंतर पबमध्ये सांगितलं गेलं. "तुम्ही दोघं," ते पुटपुटले, "नोंदी पाठवण्याऐवजी सरळ एकमेकांशी का नाही बोलत?"

मतं पडली. पेट्रेलला दोन बाजूने, दोन विरुद्ध. फॅलरोपलाही तेवढीच, कारण त्यावर जॉसने स्वतःहून मत दिलं नाही. निर्णायक मत अध्यक्षांचं. त्यांनी ते वसंतातल्या बैठकीपर्यंत राखून ठेवलं.

दोन्ही नोंदी आजमितीला प्रलंबित आहेत. शनिवारी पुन्हा पश्चिमेचा जोरदार वारा सुटला, तेव्हा कोल्डवेलच्या लपणात दोघं होती, थर्मास एक. चहा या वेळी जॉसने ओतला आणि थोडा बाकावर सांडला. ब्रायनीची दुर्बीण धरणाच्या भिंतीवर रोखलेली होती.

त्याची नजर कुठे होती, हे सिद्ध झालेलं नाही.