चौथ्या लेक्चरचं अकरावं मिनिट

"बूट बाहेर!"

अक्षतानं मान वर न करताच हुकूम सोडला आणि दारातला माणूस जागच्या जागी थबकला. मग तिनं पाहिलं. पोटरीपर्यंत खाडीचा काळा चिखल, खांद्यावर कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखं हसू.

"सॉरी... विक्रोळीच्या खाडीतून थेट आलोय. मी किरण गवई. खारफुटीवरची लेक्चर्स रेकॉर्ड करायची होती ना?"

मुलुंडच्या त्या कॉलेजातला ई-लर्निंगचा स्टुडिओ म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. अक्षता तिथली सर्वेसर्वा. कॅमेरा तिचा, एडिटिंग तिचं, पोर्टलही तीच सांभाळायची. वीज वाचवायची म्हणून एसी बंद आणि आवाज येतो म्हणून रेकॉर्डिंगपुरता पंखाही बंद. मे महिन्यात तिथं वीस मिनिटं बोलणं म्हणजे शिक्षाच! पण हा पठ्ठ्या घाम पुसत पुसत खारफुटीच्या मुळांबद्दल असा बोलत होता, जणू घरच्या माणसांबद्दल सांगतोय. आपल्याबद्दल कुणी असं बोललं तर... असा विचार अक्षताच्या मनात आला आणि तिनं घाईघाईनं कॅमेऱ्याचा फोकस नीट केला.

एकूण सहा लेक्चर्स होती. तिसऱ्यापर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं. चौथ्याला नमुन्यांच्या पिशवीतून एक जिवंत चिंबोरी बाहेर पडली आणि टेबलावरून खेकड्याच्या तिरप्या चालीनं तुरुतुरु चालू लागली. किरण टुणकन मागं उडाला. अक्षता भांडुपच्या कोळीवाड्यातली. तिनं पुढं होऊन चिंबोरी मागच्या बाजूनं अल्लद उचलली, पिशवीत टाकली आणि कॅमेऱ्यामागं जाऊन जी हसत सुटली ती थांबेचना.

"चिंबोरीला घाबरतोस आणि म्हणे खारफुटीत पीएचडी!"

"मी झाडांचा अभ्यास करतो गं, नांग्यांचा नाही. ए, ते कापशील ना? प्लीज..."

"कापते रे बाबा."

किरणचं घाबरणं तिनं इमानदारीत कापलं. फक्त शेवटची, अकराव्या मिनिटातली सहा सेकंदं तशीच ठेवली. त्यात तिचं हसू ऐकू येत होतं आणि किरण बोलायचं विसरून कॅमेऱ्याच्या पलीकडं, तिच्याकडं बघत उभा होता.

जूनमध्ये तो दोन वर्षांच्या प्रकल्पासाठी देवगडला निघाला. निरोप घ्यायला आला तेव्हा दोघंही बराच वेळ लेक्चरच्या फाइल्सबद्दल बोलत राहिले. नको ते सगळं बोलून झालं, हवं ते राहिलंच.

"पोर्टलवर आहेच की मी," जाता जाता तो म्हणाला.

आणि खरंच, मग तो पोर्टलवरच राहिला. दुपारचा डबा उघडला की अक्षता त्याचं एखादं लेक्चर लावायची, बहुतेक वेळा चौथंच. अकरावं मिनिट आलं की हातातला घास हातातच राहायचा. मग मागं, पुन्हा तेच, पुन्हा मागं. खारफुटीच्या किती जाती असतात ते तिला शेवटपर्यंत पाठ झालं नाही. त्याचं ते बघणं मात्र तिला डोळे मिटूनही दिसायचं. फोन करावा असं रोज वाटायचं. पण काय म्हणून करायचा?

वर्ष उलटलं. जुलैत पावसानं गच्चीवरच्या सोलर पॅनेलना ऊन मिळेना आणि सर्व्हरचा भार वीजकंपनीवर पडू लागला. हरित समितीच्या शर्मिष्ठा मॅडमनी अक्षताला बोलावून घेतलं.

"न बघितलेले व्हिडिओ कशाला जपायचे? वर्षभरात दहासुद्धा प्रेक्षक नाहीत, ते सगळे काढ. यादी तूच कर."

अक्षतानं यादी काढली. अभ्यासक्रम बदलला होता, त्यामुळं खारफुटीकडं कुणी फिरकलंच नव्हतं. किरणच्या सहाही लेक्चर्ससमोर लिहिलं होतं: प्रेक्षक, एक. तो एक प्रेक्षक कोण, हे तिला विचारायची गरज नव्हती.

"एवढंच ना? नऊ जणांना बघायला लावते मी," तिची मैत्रीण निधी म्हणाली. "चल, आत्ता लिंक पाठव."

अक्षताचा हात फोनकडं गेलासुद्धा. पण त्याच यादीत निवृत्त झालेल्या गणिताच्या सरांची बारा लेक्चर्स होती, आणि ती काढायची म्हणून खूण करताना तिचा हात अडखळला नव्हता. "नको गं," ती म्हणाली. "मग त्यांचीही ठेवावी लागतील."

तिनं किरणला रीतसर मेल लिहिली. आपली लेक्चर्स शुक्रवारी काढून टाकण्यात येतील, प्रत हवी असल्यास कळवावे. दहा मिनिटांत फोन वाजला.

"प्रत नको मला," पलीकडून वारा घोंघावत होता. "पण एक विचारू? अकराव्या मिनिटाला मी काय चुकलो होतो?"

"म्... म्हणजे?"

"दर सोमवारी पोर्टलचा रिपोर्ट येतो मला. कोण बघतं, कुठं मागं जाऊन पुन्हा बघतं... सगळं. तूच सुरू करून दिला होतास."

अक्षताला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कॉलेजातल्या एकूण एक शिक्षकाला तो रिपोर्ट तिनंच सुरू करून दिला होता. त्या रिपोर्टात स्टाफचं नाव उघड होत नाही, अशी तिची भाबडी समजूत होती!

"वर्षभर माहीत होतं तुला?"

"हो. आधी वाटलं, काहीतरी चुकीचं शिकवलंय. म्हणून उघडून बघितलं, तर तू हसत होतीस. आणि मी... मी तुझ्याकडं असा बघतो, हे मलाच माहीत नव्हतं गं. मग मीही रोज बघायला लागलो. शिक्षकानं बघितलेलं पोर्टल मोजत नाही, एवढंच."

तिनं डोळे पुसले. म्हणाली, "मग... राहू देत का? मॅडमना विचारून बघते."

"काढून टाक."

"का?"

"ते आहे तोवर तू मला फोन करणार नाहीस. आणि मी सोमवारच्या रिपोर्टवर समाधान मानत बसेन."

"तू तरी कुठं केलास फोन?"

"मी भित्रा आहे यार. चिंबोरीच्या वेळी पाहिलंस ना!"

ती रडता रडता हसली.

शुक्रवारी तिनं अकरावं मिनिट एकदाच बघितलं. मग सहाही लेक्चर्स निवडली. 'कायमचं काढून टाकायचं?' पोर्टलनं विचारलं. डोळे भरून आले होते, तरी तिनं 'हो' दाबलं आणि फोन हातात घेतला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

"काढलं रे," ती म्हणाली. "आता मला करमणार नाही. तू हवायस मला. व्हिडिओतला नाही."

"पंधरा ऑगस्टला येतोय," तो म्हणाला. "तुझ्यासाठीच येतोय, अक्षता. येऊ ना?"

"ये," ती म्हणाली. "बूट बाहेर काढ फक्त."