ट्रेमॉर्न घराण्याची शेवटची चौकट

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या महाराष्ट्र मंडळात मनोहरकाका दिसले की लोक कॉफीचा कप उचलून दुसऱ्या टेबलाकडे सरकत. काका मोटार कंपनीतून रिटायर झालेले, अहिल्याकाकूंना जाऊन सहा वर्षं झालेली, आणि हाती एकच उद्योग: घराण्याचा कुलवृत्तांत. दिसेल त्या आडनावबंधूला धरून पणजोबांचं नाव विचारायचे. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, पण काका ऐकतील तर शपथ. एका बाबतीत ते फार कडक होते. दत्तक गेलेल्या मुलाची शाखा पुढे वाढवायची नाही. नावापुढे 'दत्तक दिला' लिहायचं आणि तिथेच थांबायचं.

शेजारी मिसेस ट्रेमॉर्न राहायच्या. नवरा इंग्लंडातला पिढीजात 'सर', इथे येऊन गाड्यांचे ब्रेक डिझाइन करायचा. त्यांच्या दिवाणखान्यात घराण्याचा वंशवृक्ष टांगलेला होता. किताब थोरल्याला आणि थोरला फौजेत, हा सात पिढ्यांचा रिवाज. प्रत्येक चौकटीत नाव, जन्मसाल, एक रेघ आणि मृत्यूचं साल. बहुतेकांच्या खाली रणांगणाचं नाव: क्रिमिया, काबूल, फ्लँडर्स. नाव लिहिलं की लगेच त्याखाली पुढच्याची चौकट आखून ठेवत. फौज सोडून आलेले मिस्टर ट्रेमॉर्न एकटेच बिछान्यात वारले. त्यांचा एकुलता ह्यू मात्र इंग्लंडात परत जाऊन भरती झाला आणि हेल्मंडच्या लढाईत पडला. त्याच्याखालची चौकट रिकामी होती.

काकांचाही यतीन एकुलता, अमेरिकन आर्मीत कॅप्टन. एप्रिलमध्ये तो आर्मी सोडणार होता. नोव्हायमध्येच नोकरी ठरली होती. काकांनी वरची खोली स्वतः रंगवली होती, त्याला आवडतो तसा फिकट निळा.

ऑक्टोबरात मिसेस ट्रेमॉर्नना हॉस्पिसमध्ये, शेवटचे दिवस काढायच्या इस्पितळात, हलवलं. वंशवृक्ष त्यांनी समोरच्या भिंतीवर लावून घेतला होता.

"माझ्यानंतर कोणी नाही," त्या पुन्हा पुन्हा म्हणत.

काकांना राहवलं नाही. "आमच्यात दत्तक घेतात."

"आणि घराणं चालतं?"

"नाव, गोत्र, सगळं."

"मग तुमचा यतीन द्या," त्या हसल्या. "तोही सैनिकच आहे."

मरणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? लहानपणी काकांनी एक दत्तकविधान पाहिलं होतं. त्यांनी कागदी कपातलं पाणी बाईंच्या ओंजळीत सोडलं आणि 'न मम', आता माझं नाही, असं म्हणाले. तेवढंच त्यांचं समाधान.

बाईंनी मूठ मिटली. चादरीवर एक थेंबही पडला नाही. दुपारी चारला त्या गेल्या. नर्सने मूठ उघडली तेव्हा तळवा कोरडा होता.

वंशवृक्ष बाईंनी काकांच्या नावे ठेवला होता. त्यांनी तो हॉलमध्ये टांगला.

नोव्हेंबरात यतीनचा फोन आला. "बाबा, ती ऑफर मी कॅन्सल केली. आर्मीतच थांबतोय."

"का रे?"

"आय डोन्ट नो. आपल्यात कोणी सोडत नाही ना."

काकांच्या नऊ पिढ्यांत सगळे भिक्षुक नाहीतर कारकून. बंदूक कोणी हातात धरली नव्हती.

जानेवारीत पुण्याहून कुलवृत्तांताची प्रुफं आली. काकांच्या नावाखाली होतं: पुत्र यतीन (दत्तक दिला). त्यांनी प्रेसमध्ये फोन लावला.

"काका, तुमच्याच फाइलमध्ये तसं आहे," तिथली सावनी म्हणाली.

फाइलमध्ये तसंच होतं. काकांनी ते दोन शब्द खोडले, सेव्ह केलं, पुन्हा उघडलं. शब्द जागेवर होते. त्या दिवशी काका जेवले नाहीत.

मार्चमध्ये यतीन एका दुपारी येऊन गेला. पोस्टिंग कुठे, ते सांगता येत नव्हतं. काकांनी साबुदाण्याची खिचडी केली होती. लहानपणी पातेलं खरवडून खाणारा मुलगा, त्याने पाहुण्यासारखी चार चमचे खाल्ली आणि "व्हेरी नाइस" म्हणाला. मग तो बराच वेळ वंशवृक्षासमोर उभा राहिला.

"यतीन, माझी चूक झाली रे," काका म्हणाले. "मी तुला देऊन टाकलं. मला परत हवायस."

यतीनने त्यांच्याकडे पाहिलं. नजरेत माया होती, पण दुसऱ्या कुणाच्या म्हाताऱ्या वडिलांकडे पाहावं तशी.

त्याने बूट चढवले. वाकून नमस्कार केला.

"येतो, काका." 'बाबा' म्हणाला नाही.

गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत काका दारात उभे होते. मग आत येऊन खूप रडले.

डोळे पुसून त्यांनी वर पाहिलं. सकाळी काच पुसताना ह्यूखालची चौकट रिकामी होती.

आता तिच्यात यतीनचं नाव होतं. शाई जुनी, तपकिरी. पुढे जन्मसाल. सालापुढे रेघ. रेघेपुढची जागा अजून कोरी.

त्याखाली पुढची चौकट मात्र आखलेली नव्हती.