जर्दाळू घातलेलं मटण

बारामतीत जर्दाळू मागणारं गिऱ्हाईक तसं दुर्मीळच. पण त्या दिवशी इब्राहिमचाचांच्या सुकामेव्याच्या दुकानात एकाच वेळी दोघं उभी होती. बाहेर भाद्रपदातली भुरभुर चालू होती. राजलक्ष्मीनं ओढणी झटकत पाव किलो जर्दाळू मागितले, तोच मागून आवाज आला, "सगळे देऊ नका चाचा... मलापण हवेत."

तिनं वळून बघितलं. उंच, सावळा, केसांतून पाणी निथळतंय आणि हसू असं, की रागवायचं म्हटलं तरी जमू नये. चाचांकडे उरले होते ते नेमके पाव किलोच.

"कशात घालणार?" तिनं जरा तोऱ्यातच विचारलं.

"मटणात."

राजलक्ष्मी ओढणी झटकायची विसरली. मटणात जर्दाळू म्हणजे ताजीन, मोरोक्कोचं मंद आचेवरचं मटण! आठवडाभर ती दूध संघाच्या प्रयोगशाळेत दुधाचं फॅट तपासायची आणि रविवार आला की मोबाईल समोर ठेवून मोरोक्को रांधायची. कुंभाराकडून तिनं मातीच्या भांड्याला टोपीसारखं उंच झाकणसुद्धा करून घेतलं होतं. मटणात दालचिनी आणि मनुके पडताना बघून तिची आई, सिंधुबाई, कपाळाला हात लावायची. पंचक्रोशीत हे वेड आपल्या एकटीलाच आहे असं तिला वाटत होतं, आणि हा इथं भिजत उभा!

त्याचं नाव शंभूराज. अंथुर्ण्याचा, घरची डाळिंबाची बाग. पुण्यात शिकताना खोलीवर मोरोक्कोचा एक मित्र होता, त्यानं चटक लावलेली. चाचांनी जर्दाळू निम्मे-निम्मे केले आणि तिथून डबे सुरू झाले. शंभूराज डाळिंबं घेऊन बारामतीला आला, की राजलक्ष्मी त्याला डबा द्यायची. कधी वाफवलेला लापशीचा रवा आणि वर भाज्या, कधी लिंबू-ऑलिव्हचं चिकन. आपल्याकडं डबा रिकामा परत देत नाहीत, तेवढं निमित्त दोघांना पुरलं. त्याच्याकडून खारवलेली लिंबं आली, बांधावरचा पुदिना आला. एकदा तर डबा उघडला आणि आत काठोकाठ डाळिंबाचे दाणे! एकही दाणा फुटलेला नाही. एवढे दाणे कुणी कुणासाठी उगीच सोलत नसतं, हे न कळायला ती काय कुक्कुलं बाळ होती? दिवसभर तिच्या हातून दुधाचे नमुने इकडचे तिकडे होत राहिले.

दिवाळीनंतर एकदा डबा हातात घेऊन तो नुसताच घुटमळला.

"घरच्यांना घेऊन येऊ का...? तुम्हाला बघायला."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण जे बोलायचं होतं ते ती बोललीच. "या. पण चहा-पोह्यांवर भागायचं नाही, माझ्या हातचं हे जेवावं लागेल. लग्नानंतर मी ते सोडणार नाही. ज्या घरात ते चालणार नाही... तिथं मी येणार नाही."

शंभूराज डब्याची कडी उगीच काढ-घाल करू लागला. त्याच्या घरी शब्द चालायचा आजोबांचा, जोतीरामतात्यांचा, आणि त्यांच्या मते काळं तिखट नसलेलं मटण हे आजाऱ्याचं जेवण.

ठरलेल्या रविवारी राजलक्ष्मी सकाळपासून मातीच्या भांड्यापुढं होती. जर्दाळू, बदाम, केशर... रस कसा मधासारखा दाटला होता. तिनं एक वाटी शंभूराजसाठी हळूच बाजूला झाकून ठेवली आणि साडी नेसायला गेली. एवढ्यात दारात पाहुणे उतरले. चौघं येणार म्हणाले होते, आले दोन गाड्या भरून! सिंधुबाईंना घाम फुटला. पण आयुष्यभर पाहुणचार केलेल्या बाईला अशा वेळी एकच उपाय ठाऊक असतो. पाहुणे वाढले, की रस्सा वाढवायचा.

राजलक्ष्मी परत आली, तेव्हा मोठ्या पातेल्यात लालभडक तर्री उसळत होती आणि तीत तिचे जर्दाळू गटांगळ्या खात होते. तांब्याभर पाणी, वाटण आणि वर मूठभर काळं तिखट. तिला रडूच फुटलं, पण बाहेर पानं मांडली गेली होती.

तात्यांनी भाकरी कुस्करली, रस्सा भुरकला, पुन्हा मागितला. "ह्यो मोरोक्कोचा व्हय? अगदी आपल्यासारखाच हाय की," म्हणून मिशीवरनं हात फिरवत त्यांनी जाहीर केलं, "आपली पसंती हाय."

सगळे हसले, सिंधुबाईंनी देवाला हात जोडले. शंभूराज मात्र ताटातल्या जर्दाळूकडे बघत होता. हा रस्सा तिच्या हातचा नाही हे त्याला कळलं होतं, पण तो गप्प होता. गप्प बसलं की लग्न जमत होतं. राजलक्ष्मीनं पदर घट्ट धरला. तिला तो हवा होता, अगदी जीव तुटेल इतका हवा होता. तिनं आत जाऊन ती झाकलेली वाटी आणली आणि तात्यांपुढं ठेवली.

"तात्या, तो रस्सा आईचा हाय. माझं हे. हे खाऊन सांगा."

तात्यांनी घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. आणखी एक घेतला. राजलक्ष्मीला वाटलं, संपलं सगळं.

"मला न्हाय जमायचं बघ," तात्या म्हणाले. "मटान आन् ग्वाड?" मग आपल्या सुनेकडे, शंभूराजच्या आईकडे, वळून त्यांनी विचारलं, "आपल्या गॅसला शेगड्या किती गं?"

"चार हायत की."

"मग तीन तुमच्या. एक ह्या पोरीची. तिच्या शेगडीवर तिखट न्यायचं न्हाय कुनी."

सुपारी फुटल्यावर पाहुण्यांची गडबड उडाली, तेवढ्यात पाणी प्यायच्या मिषानं शंभूराज स्वयंपाकघरात आला. त्याच्यासाठी झाकून ठेवलेली ती वाटी तात्यांनी पार निपटून खाल्ली होती.

"तात्या नाही म्हणाले असते तर?" त्यानं हलकेच विचारलं.

"तर रडले असते. पण खोट्या रश्श्यावर नांदायला आले नसते."

"आणि... रडला असतात ते ताजीनसाठी?"

राजलक्ष्मीनं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"येड्या, तुझ्यासाठी."