बूच मारलेला पाइप

धोंडूकाका गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक बदलायला आले होते. काम आटोपून कठड्याला टेकले. रात्रीचे साडेदहा. मितेश, प्रांजल आणि मी तिथेच बसलेलो. मी कॉलेज सोडल्यापासून सोसायटीतलं प्रत्येक म्हातारं मला अक्कल शिकवतं, म्हणून जेवण झालं की मी वर येतो.

"खरी घडलेली सांगतंय, झिलांनो," काका म्हणाले. डाव्या कानात नेहमीचा कापसाचा बोळा. "माझ्या वळखीचो एक प्लंबर होतो..."

ओळखीचा! मुलुंडच्या आमच्या या सोसायटीला वीस वर्षं एकच प्लंबर आहे. आम्ही टोकलं नाही.

प्रकरण आम्हालाही माहीत होतं. सेक्रेटरी रामचंद्रकाका २०१ मध्ये राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत ओली व्हायला लागली. त्यांनी ठरवून टाकलं, गळती वरच्या ३०१ मधून. तिथे कमळआजी एकटी. कमिटीने ठराव केला, तिची लाइन तोडा. पहिली सही रामचंद्रकाकांची, दुसरी माझ्या बापाची. गच्चीवर तिचा पाइप कापून बूच मारलं. "एकदा तपासा तरी रे," म्हणत आजी दारोदार फिरली. मग खालच्या नळावरून कळशी भरून तीन जिने चढायला लागली. एप्रिलमध्ये दुसऱ्या जिन्यावर पडली. गेली. कमिटीने फळ्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिली. भिंत ओलीच राहिली.

म्हणून पुन्हा प्लंबरला बोलावलं, काका सांगायला लागले. ११ मे २०२४, शनिवारची रात्र. अडीच वाजलेले. तेव्हा कोणाचा नळ चालू नसतो, गळतीचा आवाज नीट कळतो. त्याने गच्चीवरचे सगळ्या घरांचे व्हॉल्व्ह बंद केले. लोखंडी सळईचं एक टोक पाइपावर, दुसरं कानाला. शांत. मग फक्त २०१ चा उघडला.

स्स्स्स... न थांबता.

रामचंद्रकाकांनी स्वयंपाकघर हलवताना स्वतःच भिंतीत पुरलेला पाइप फुटला होता.

"हे त्याला आधी कळलं नव्हतं?" मी विचारलं.

काका टाकीकडे बघत राहिले. "मार्चात, लाइन तोडूच्या आधी, सळई लावल्यान होती. ऐकलेलो आवाज."

"मग बोलला का नाही?"

"तीन बिल्डिंगांची कामा रामचंद्राच्या हातात रे."

प्रांजल शिवी पुटपुटला. काकांनी ऐकलं नाही, किंवा ऐकल्याचं दाखवलं नाही.

त्याने २०१ बंद केला. उरला तो आजीचा बूच मारलेला पाइप. उगाच, म्हणून सळई लावली.

पाणी पडत होतं. भांड्यात.

आवाज भरत भरत वर आला... काठापर्यंत. थांबला.

"गळती मधेच थांबत नाय, झिला. नळ बंद करता, तो माणूस."

पुन्हा सुरू. दुसरी कळशी. भरली... थांबली.

त्याने बुचाला हात लावला. कोरडं. वर धूळ.

कान सळईवरून उचलायला गेला. निघेना.

आणि मग आतून... अगदी कानाच्या पडद्याशी...

"धोंडू... आता तरी तपासलंस?"

काका थबकले. नाव तोंडातून निसटलं होतं. 

"मग सांगितलंत सगळ्यांना?" मी विचारलं.

"म्हातारी गेली. आता कोणाक सांगू?"

"रामचंद्रकाकांना?"

"त्यांका म्हटलंय, जुनी ओल असा. वॉटरप्रूफिंग करा."

"म्हणजे कमिटीच्या वहीत दोष अजून तिचाच."

"तू लहान आसस."

"बावीसचा आहे. तुमच्यासारखं गप्प बसायला तेवढं शिकलो नाही. उद्या खाली चला, सांगा."

काकांनी कानातला बोळा काढून कठड्यावर ठेवला. खिशातून नवा काढला, बसवला. "डॉक्टर म्हणतत, कान ठणठणीत असा," एवढंच म्हणाले. हत्यारांची पिशवी उचलली आणि जिना उतरले.

मितेशने मोबाइलची बॅटरी मारली. काढलेल्या बोळ्यातून कठड्यावर पाणी ओघळत होतं. मी वाकून वास घेतला. ब्लीचिंग पावडर मारलेल्या नळाच्या पाण्याचा.

बोटाच्या पेराएवढा कापूस. गळत राहिला... गळत राहिला...

आणि थांबला.

आम्ही उठलो. जिन्याच्या दारापर्यंत पोचलो, तेव्हा मागे पुन्हा सुरू झाला.