गोर्गोसचा पेला

माझा नवरा लेआन्द्रोस व्रेत्तोस हा नाक्सोस बेटावरच्या आमच्या संग्रहालयाचा संचालक. दुपारी सगळं गाव दारं-खिडक्या लावून झोपलं, की त्याचा डबा पोचवायचं काम माझं. दुसरं काम, जुन्या भांड्यांवर मालकांनी खरवडून ठेवलेली नावं वाचायची. वाचायची मी, छापायची त्याच्या नावाने. त्याला स्वतःच्या औषधाच्या बाटलीवरचं नावसुद्धा धड लागत नसे.

त्या दुपारी भरलेले टोमॅटो घेऊन गेले, तर स्वारी खुशीत. टेबलावर काळा पेला. कबरीतून अख्खा निघालेला, एक टवकाही उडालेला नाही.

"वाच ना गं," तो म्हणाला. "उद्या पेपरवाले येतायत."

पेला पालथा करून मी विजेरी तिरपी धरली. तिरप्या उजेडातच ओरखडे उठून दिसतात. बुडाखाली फार जुन्या वळणाची ओळ होती, तेव्हाच्या रीतीने उजवीकडून डावीकडे गेलेली. 'मी गोर्गोसचा. दुसऱ्या कुणी पिऊ नये.' यात नवल काही नव्हतं. बैठकीत पेल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून लोक असं लिहीत.

लेआन्द्रोसला मात्र चेव आला. "गोर्गोस गेला मसणात! आता हा व्रेत्तोसचा पेला." आणि त्या गाढवाने कपाटातली वाइन त्यात ओतली नि घटाघटा ढोसली. उरलेली माझ्यापुढे धरली. "आता माझ्या पेल्यातून तू घे. का, घाबरलीस?"

त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून मी ती संपवली. चव ओल्या मातीची होती.

तेवढ्यात मागच्या बंद कोठीतून आवाज आला. खर्र... खर्र... खिळ्याने मडक्यावर ओढावं तसा. थोडा थांबे, पुन्हा सुरू होई.

"उंदीर..." तो कुजबुजला.

"मग बघ ना जाऊन."

गेला नाही. सगळा शूरपणा वाइनबरोबर पोटात उतरला होता.

त्या दिवसापासून तो लंगडायला लागला. "टाचेत टोचतंय गं... रोज थोडं थोडं पुढे सरकतंय." मी त्याचा मोजा काढून बघायचेही कष्ट घेतले नाहीत. पायऱ्या चढायचा कंटाळा, दुसरं काय! हिवाळ्यात तो गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. ते त्याला होतं, हे मला तेव्हा कळलं.

आमच्याकडे काही वर्षांनी कबर उकरून हाडं काढतात, वाइनने धुतात आणि नाव घालून पेटीत ठेवतात. परवा कलत्या उन्हात मी आणि त्याची मारुसो मावशी धूत बसलो होतो. मावशी रडत होती, मी खापरं धुते तशी धूत होते. टाचेचं हाड हातात आलं आणि तिरपं ऊन त्याच्यावर पडलं.

'मी गोर्गोसचा.' तीच जुनी अक्षरं, उजवीकडून डावीकडे. रेघांत माती मुरलेली.

"काय गं पोलिक्सेनी... काय आहे ते?"

"काही नाही मावशी. मुळांचे व्रण."

पेटीवर त्याचं नाव रंगवताना मला त्याची पहिल्यांदाच दया आली, आणि स्वतःसाठी भीती वाटली. मीही प्यायले होते.

आज सकाळपासून माझ्या टाचेत टोचतंय. मोजा मी काढलेला नाही. पण आयुष्य यात गेलंय, बोटांनी वाचायची सवय आहे, टाचेनेही वाचता येतं. हा गोर्गोस नाही. हे डावीकडून उजवीकडे चाललंय, आजच्या माणसासारखं. 'मी लेआन्द्रोस...' इथवर आलंय. पुढचं अक्षर त्या मूर्खाचं चुकलंय.

आता तो ते खोडतोय.