उरलेला निळा

काम संपलं की डब्यात उरलेला रंग रंगाऱ्यानं घरी न्यायचा, ही आमच्या सान होसिंतो गावची रीत. त्या दिवशी मीही तेवढंच केलं.

मेक्सिको शहराहून आलेल्या दोन्या ब्रिखिदा, म्हणजे ब्रिखिदाबाई, आमच्याकडे सिनेमा करत होत्या. त्यांच्या प्रत्येक सिनेमात एकच दार निळं असतं. त्यातून बाहेर गेलेलं माणूस गोष्टीत परत येत नाही. या खेपेचं दार मी रंगवलं. मला लोकांशी बोलायला सुधरत नाही, तरी धीर करून विचारलं, मरणाच्या दाराला लाल रंग का नाही?

"लाल बघून माणूस मागं सरतो," त्या म्हणाल्या. "मला असा रंग हवाय, की बघणारा आपणहून उठून जाईल."

चित्रीकरण संपल्यावर त्यांनी दार जाळायला लावलं आणि उरलेला रंग पुरून टाक म्हणून मला बजावलं. सुतार नाबोर हसला. "पुरतोस कसला? तुझ्या आईचं दार बघ. कोंबड्यासुद्धा लाजतात आत यायला."

आईही कधीची मागे लागली होती. मी स्वयंपाकघराचं मागचं दार रंगवलं, उंबऱ्यावरही हात फिरवला. ती खूश झाली. पुढं पुढं हातातलं काम टाकून त्या दाराकडे बघत बसायची. "गार वाटतं रे," म्हणायची.

वर्षानं सिनेमा गावच्या थेटरात लागला, दुपारच्या खेळाला. चुलीवर घेवडा आहे म्हणून आई आली नाही. शेवटी पडद्यावर निळं दार आलं. मला जवसाच्या तेलाचा वास आला, ओल्या रंगाचा. दार उघडलं... आणि राखाडी शाल पांघरलेली एक बुटकी बाई बाहेर पडली. शालीच्या खांद्यावर रफू होतं. ते रफू माझ्या ओळखीचं होतं.

"कोण ती?" मी नाबोरला हळूच विचारलं.

"नटीच की. झोपलास काय?"

मी पळत घरी आलो. मागचं दार सताड उघडं. आई माझ्याकडे पाठ करून घेवडा ढवळत होती. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

"आई... बाहेर गेली होतीस?"

"नाही रे," ती वळली नाही. "आता कुठं जाणार मी..."

उंबऱ्यावरचा वर्षापूर्वीचा रंग ओला होता. तिथून निळी, अनवाणी पावलं अंगण ओलांडून डोंगराच्या वाटेला लागली होती. डाव्या पायाची करंगळी उमटलेली नव्हती. आईला ती नाहीच. मी वाट संपेपर्यंत गेलो. परतीचं एकही पाऊल नव्हतं.

आलो तेव्हा ताट वाढलेलं होतं. ती चुलीपाशी पाय पसरून बसली होती. तळवे कोरडे, स्वच्छ.

"जेव," ती म्हणाली.

मी जेवलो. रोज जेवतो. खुंटीवरची तिची राखाडी शाल कुठं गेली, हे अजून तिला विचारलेलं नाही. आणि तिच्या डाव्या पायाची बोटं मी मोजत नाही.